एकच मादी उरण्याच्या आधी

शनिवार, १४ जून २०२५, रायपूर

उद्यापासून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जगभरचे संवर्धन जीवशास्त्रज्ञ जमत आहेत. परिषद १९ तारखेपर्यंत चालेल. भरवणारी संस्था सोसायटी फॉर कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी. तिला यंदा चाळीस वर्षं झाली. १९७८ साली कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मे १९८५ मध्ये मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला दुसरी झाली आणि तिथंच या संस्थेचा जन्म झाला. मी तेव्हा नुकती कॉलेजात शिकवायला लागले होते. आमच्या अभ्यासक्रमात बेडकाची रक्ताभिसरण संस्था होती, झुरळाचं तोंड होतं. पण बेडूक आणि झुरळ राहतात ते रान, ते तळं टिकेल कसं, हा प्रश्न परीक्षेला येत नसे. हा विषय आमच्या डोळ्यांदेखत उभा राहिला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी ब्रिस्बेनला गेली आहे. निघण्यापूर्वी फोनवर म्हणाली, "मॅडम, पाच दिवस सगळ्या देशांचे लोक भेटतील. आपल्या छत्तीसगडचं काय सांगू त्यांना?" मी तिला पटकन म्हटलं, रानम्हैस सांग. फोन ठेवल्यावर वाटलं, तेवढ्यानं भागत नाही. राज्याचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग जंगलाखाली आहे. तात्यापाऱ्यातल्या आमच्या मराठी घरांतून रेल्वेनं निघालं, की इकडं गोंदियाचे तलाव, तिकडं बस्तरची सालवनं. सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं जगानं ऐकावं असं आहे. तिची परिषद चालेल तोवर रोज रात्री थोडं लिहायचं ठरवलं.

रविवार, १५ जून

रानम्हशीपासूनच सुरुवात करते.

रानम्हैस हा छत्तीसगडचा राज्यप्राणी. जगात रानम्हशी चार हजारांच्या आतच असतील असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेक आसामात, काझीरंगा आणि मानसच्या गवताळ प्रदेशात. मध्य भारतातला कळप त्यांच्यापासून तुटलेला, वेगळा. तो उरला तो गरियाबंद जिल्ह्यातल्या उदंतीत आणि इंद्रावतीच्या खोऱ्यात. इंद्रावती ओलांडली की गडचिरोली. तिथं कोलामार्का भागात या म्हशी येतात, म्हणून महाराष्ट्रानं २०१३ मध्ये तो परिसर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. म्हशीला राज्याची हद्द कळत नाही. दोन्ही राज्यांच्या वनखात्यांनी मात्र ती ओलांडून एकत्र बसायला हवं.

उदंतीत अशी वेळ आली, की एकच मादी उरली. बाकी सगळे रेडे. तिचं नाव ठेवलं 'आशा'. तिला वाघापासून, शिकाऱ्यांपासून आणि गावच्या म्हशींच्या संकरापासून वाचवायला कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात ठेवलं. वनखातं आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाची माणसं तिची राखण करत. तिला पारडं होणार म्हटलं की रायपूरपर्यंत लोक श्वास रोखून असत, आणि बहुतेक वेळा बातमी यायची की रेडा झाला.

मग कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत आशाच्या कानाच्या पेशींपासून क्लोन करण्याचा प्रयत्न झाला. १२ डिसेंबर २०१४ रोजी 'दीपआशा' जन्मली; पुढं तिला नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणलं. देशभर कौतुक झालं. नंतर प्रश्न उभे राहिले, की ही खरंच आशाची प्रतिकृती आहे का; ही गावच्या मुऱ्हा म्हशीसारखी का दिसते? तो वाद अजून शमलेला नाही. एक उत्तर मात्र वादाच्या बाहेरचं आहे. दीपआशा रानात गेली नाही, तिनं कळप वाढवला नाही. आशा २०२० मध्ये गेली.

त्याच वर्षी मानसहून एक नर आणि एक मादी बारनवापारा अभयारण्यात आणली. २०२३ मध्ये आणखी चार माद्या आल्या. आसामचं रक्त मध्य भारताच्या कळपात मिसळावं का, ह्या जनावरांना रानात कधी सोडणार, यावर वन्यजीवप्रेमी न्यायालयात गेले.

आज हे लिहिताना एकच गोष्ट मनाशी पक्की होत जाते. या म्हशीसाठी कुंपण झालं, प्रयोगशाळा झाली, विमानं-ट्रक झाले, वकील झाले. हे सगळं तिच्या उदंतीतल्या बहिणी मरून गेल्यावर झालं.

सोमवार, १६ जून

आज शाळा सुरू झाल्या. सकाळी अभनपूरच्या पुढं एका ओळखीच्या शेतकऱ्याकडं गेले होते. रानाच्या वरच्या अंगाला भाटा, म्हणजे हलकी मुरमाड जमीन; तिथं खुर्रा बोनी उरकली होती, कोरड्यातच धान पेरून पावसाची वाट पाहायची. खाली खोलगट कन्हारात रोपा लावतील. धाकट्या मुलानं एका कोपऱ्यात दुबराज टाकलाय, घरच्यापुरता. म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, "पहिली एक घर म चुरय, त पूरा पारा महकय." एका घरात शिजला तरी आळीभर वास, असा तो भात. आता मंडीत भाव आहे तो जास्त उतारा देणाऱ्या सरकारी वाणांना. दुबराज उंच वाढतो, लोळतो, तयार व्हायला उशीर लावतो.

रायपूरचं नाव जगाच्या जैवविविधतेच्या नकाशावर कशामुळं घ्यायला हवं असेल, तर ते धानामुळं. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या जनुककोशात भाताचे तेवीस हजारांहून अधिक नमुने आहेत. त्यांचा पाया घातला डॉ. राधेलाल रिछारिया यांनी. ते १९५९ पासून कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. बाहेरून आणलेली बुटकी वाणं घाईनं देशभर पसरवायला त्यांचा विरोध होता, आणि त्यासाठी त्यांना पद गमवावं लागलं. १९७० नंतर ते रायपूरच्या भात संशोधन संस्थेत आले. गावोगाव हिंडून, शेतकऱ्यांना विचारून, लोंब्या गोळा करून त्यांनी सतरा हजारांहून अधिक नमुने जमा केले. प्रत्येकाबरोबर टिपण: कोणत्या जमिनीत येतो, किती दिवसांत, पाऊस ओढला तर टिकतो का, पोहे चांगले होतात की मुरमुरे. ही माहिती कोणत्याही पुस्तकात नव्हती, ती शेतकरी बायामाणसांच्या डोक्यात होती. १९७० चं दशक संपता संपता ती संस्था बंद केली गेली. संग्रह मात्र राहिला. रिछारिया १९९६ मध्ये वारले.

२००२ साली या संग्रहासंबंधी सिंजेंटा या स्विस कंपनीबरोबर विद्यापीठाचा करार होणार असल्याचं बाहेर आलं, तेव्हा रायपुरात शेतकरी, कार्यकर्ते, विद्यार्थी रस्त्यावर उतरले. वर्षअखेरीस कंपनीनं माघार घेतली. मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या सभांना गेले होते. बियाणं ही कुणाची मालमत्ता, हा प्रश्न त्यांना वर्गात शिकवून इतका कळला नसता.

रानम्हैस आणि धान यांतला फरक हाच. रिछारियांनी दुबराज, जवाफूल, बादशाहभोग, सफरी गोळा केले तेव्हा ते गावोगाव पिकत होते. कुणालाही ते दुर्मीळ वाटत नव्हते. म्हणून आज पन्नास वर्षांनी विद्यापीठ मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर काम करून दुबराज आणि सफरीची बुटकी, लवकर येणारी वाणं देऊ शकतं. सरगुजाच्या जीराफूलला २०१९ मध्ये, धमतरीकडच्या नगरी दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुबराजचा अर्ज तर गावातल्या बायकांच्या बचत गटाचा. मुबलक असताना केलेली राखण अशी फळते.

रात्री विद्यार्थिनीला हे सगळं लिहून पाठवलं.

मंगळवार, १७ जून

आज मायकेल सूले यांचा स्मृतिदिन. १७ जून २०२० रोजी ते गेले. सॅन दिएगोच्या पहिल्या परिषदेमागं आणि ॲन आर्बरच्या संस्थेमागं मुख्य हात त्यांचा. १९८५ मध्येच त्यांनी एक निबंध लिहून या शास्त्राची व्याख्या केली. शरीरक्रियाशास्त्राला जशी शस्त्रक्रिया, तसं जीवशास्त्राला हे शास्त्र, असं त्यांचं म्हणणं. पूर्ण माहिती हाती येईपर्यंत शल्यविशारद थांबत नाही, कारण तोवर रोगी हातचा जातो.

त्याच निबंधात त्यांनी आणखी एक धाडस केलं. जीवांची विविधता चांगली, माणसामुळं अकाली ओढवणारा वंशनाश वाईट, आणि प्रत्येक जीवजातीला माणसाच्या उपयोगापलीकडं स्वतःचं मोल आहे, ही गृहीतकं त्यांनी शास्त्राच्या पायाशी उघडपणे मांडली. शास्त्रानं चांगलं-वाईट बोलू नये, असं मानणाऱ्या काळात हे सोपं नव्हतं. पुढं १३ फेब्रुवारी २०१२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं उदंतीच्या रानम्हशीच्याच प्रकरणात निकाल देताना माणूस हाच केंद्रबिंदू मानणारी दृष्टी सोडून निसर्गकेंद्री दृष्टी धरली आणि छत्तीसगड सरकारला म्हैस वाचवण्याचे आदेश दिले. अमेरिकेतल्या एका जीवशास्त्रज्ञाची भूमिका आणि दिल्लीतल्या न्यायासनाची भूमिका आमच्या गरियाबंदच्या रानात एकमेकींना भेटली, याचा मला अभिमान वाटतो.

सूले आणि इयान फ्रँकलिन यांनी १९८० मध्ये पन्नास आणि पाचशेचा नियम दिला. जवळच्या नात्यातल्या संकराचे दुष्परिणाम थोडा काळ टाळायचे तर प्रजननक्षम संख्या किमान पन्नास हवी. बदलत्या काळाशी जुळवून घेण्याची ताकद वंशात राहायची तर पाचशे. नंतरच्या संशोधकांनी हे आकडेही अपुरे ठरवून दुप्पट मागितले. इथं मोजायची संख्या म्हणजे नुसती डोकी नव्हेत. नर आणि माद्या यांचा गुणाकार करायचा, त्याला चारनं गुणायचं आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. सहा रेडे आणि एक मादी: चोवीस भागिले सात, म्हणजे साडेतीनच्याही आत. रेडे सहाऐवजी शंभर धरा, तरी उत्तर चारच्या पुढं जात नाही. हे गणित मी फळ्यावर मांडायचे तेव्हा वर्गात कुणी बोलत नसे. मादी एक असेल तर रेडे कितीही असोत, वंश चाराच्या आतलाच.

संध्याकाळी जोराची सर आली. काल पाहिलेल्या त्या कोरड्या पेरणीला ही हवीच होती.

बुधवार, १८ जून

शेजारचे एक काका विचारत होते, एवढ्या परिषदा भरून होतं काय? रास्त प्रश्न आहे. दोन उदाहरणं सांगितली.

नोव्हेंबर १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची, म्हणजे आययूसीएनची, सर्वसाधारण सभा दिल्लीत भरली. वाघाची अवस्था तिथं जगापुढं मांडली गेली आणि त्याच्या शिकारीवर बंदी घालण्याची मागणी झाली. पुढच्याच वर्षी बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि मोजणीत देशात १,८२७ वाघ भरले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ क्षेत्रांत आपलं मेळघाट आणि शेजारचं कान्हा होतं. २०२२ च्या गणनेत देशातले वाघ ३,६८२ असल्याचा अंदाज आला. छत्तीसगडचा आकडा मात्र उलट गेला: २०१४ मध्ये ४६, २०१८ मध्ये १९, २०२२ मध्ये १७. म्हणजे ठराव आणि कायदा सगळ्या देशाला सारखाच मिळाला, राखण सगळीकडं सारखी झाली नाही.

दुसरं उदाहरण गिधाडांचं. माझ्या लहानपणी खारून नदीच्या काठी मेलेल्या ढोरावर गिधाडांची झुंबड असायची. १९९० च्या दशकात भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना गिधाडं झपाट्यानं कमी होताना दिसली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात हजारातलं एक उरली. विषाणू असेल, रोग असेल, असे तर्क चालले होते. मे २००३ मध्ये बुडापेस्टला शिकारी पक्ष्यांवरची जागतिक परिषद भरली आणि तिथं लिंडसे ओक्स यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासावरून कारण सांगितलं: डायक्लोफेनॅक. गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक औषध. ते जनावर मेलं, गिधाडानं खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी. तीन वर्षांत, २००६ मध्ये, भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. त्या सभागृहात भारत, पाकिस्तान, ब्रिटन, अमेरिकेचे अभ्यासक एकत्र बसले नसते, तर आणखी काही वर्षं आपण रोगच शोधत बसलो असतो. परिषदेचं काम हे, एका देशाचं कोडं दुसऱ्या देशाच्या टेबलावर सुटणं.

काका म्हणाले, पण गिधाडं परत आली कुठं? नाही आली. अब्जाधीश मारवाड्याचं घर उभं करायला पिढ्या लागतात आणि बुडायला एक हंगाम पुरतो, तसं हे आहे. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं.

रात्री उशिरा सोलापूरहून बातमी आली. मारुती चितमपल्ली गेले. पुढं काही लिहवत नाही.

गुरुवार, १९ जून

ब्रिस्बेनची परिषद आज संपली. माझ्या मनात दिवसभर चितमपल्लीच आहेत.

५ नोव्हेंबर १९३२ ला सोलापुरात जन्म, कोईमतूरच्या वनमहाविद्यालयात शिक्षण, मग छत्तीस वर्षं महाराष्ट्राच्या वनखात्यात. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. २००६ मध्ये सोलापूरच्याच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. यंदा पद्मश्री मिळाली. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रातवा', 'चकवाचांदण' ही पुस्तकं रायपूरच्या मराठी घरांत मी हातोहात फिरताना पाहिली आहेत. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या ज्या मुलांना मराठी वाचायचा कंटाळा, तीही चितमपल्ली वाचत.

त्यांचं नवेगावबांध आमच्यापासून दूर नाही. हावडा-मुंबई मार्गावरची गाडी राजनांदगाव, डोंगरगड करत गोंदियाला जाते. तिथून तो जुना तलाव जवळच. चितमपल्ली तिथं अधिकारी म्हणून गेले आणि विद्यार्थी म्हणून राहिले. माधवराव पाटलांसारखा गावचा जाणकार, मासे धरणारे ढीवर, रानात हिंडणारे गोंड, माडिया यांच्याकडून ते शिकले. कुठल्या झाडावर कोणता पक्षी कोणत्या महिन्यात घरटं करतो, कोणता मासा कोणत्या पाण्यात अंडी घालतो, हे त्यांनी त्यांच्या बोलीतल्या नावांसकट टिपलं. पक्षिकोश, मत्स्यकोश, वृक्षकोश हे सगळं त्या टिपणांतून आलं. रिछारियांनी धानाच्या बाबतीत जे केलं, तेच चितमपल्लींनी रानाच्या बाबतीत केलं: जाणणाऱ्या माणसापाशी जाऊन बसायचं आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचं.

गोंदिया आणि बालाघाटच्या धानाच्या बांध्यांमध्ये आजही सारस घरटी करतात. शेतकरी त्या घरट्याभोवतीचं धान कापायचं थांबतो. त्याला हे कुठल्या परिषदेनं शिकवलेलं नाही; परिषदेला मात्र त्याच्याकडून पुष्कळ शिकता येईल. विद्यार्थिनीला आज एवढंच कळवलं, की तिथं कुणी विचारलं तर सांग, आमच्याकडं एक माणूस होता ज्यानं रानातल्या माणसांचं ज्ञान मराठीत लिहून ठेवलं. ते इंग्रजीत जायला हवं, जगाला त्याची गरज आहे.

शुक्रवार, २० जून

सलीम अली १९८७ मध्ये आजच्या दिवशी गेले. आठवड्यात तिसरं स्मरण. मुंबईच्या या माणसानं भारताला पक्षी मोजायला शिकवलं. साधे, रोजचे, अंगणातले पक्षीसुद्धा.

ही मोजणी आता हजारो हातांनी चालते. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या २०२३ च्या अहवालात सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतलाय. त्यांतल्या १७८ जातींकडं तातडीनं लक्ष द्यायला हवं असं त्यात म्हटलंय. मला हलवून टाकलं ते नीळकंठानं. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ, तारेवर बसलेला जो आम्ही शाळेच्या वाटेवर रोज बघायचो, तो नीळकंठ इतका घटलाय, की त्याच्या धोक्याची पातळी नव्यानं ठरवावी अशी शिफारस या अहवालानं केली. या पक्ष्याला अजून कुणी दुर्मीळ म्हणत नाही. म्हणजे वेळ अजून हातात आहे.

बस्तरची पहाडी मैना, आमचा राज्यपक्षी, हिचंही बरं चाललंय ते अशाच कामामुळं. कांगेर खोऱ्यात गावातलीच तरुण मुलं 'मैना मित्र' म्हणून घरट्यांवर लक्ष ठेवतात. पूर्वी मैना पिंजऱ्यात घालून पाळण्याचे प्रयोग झाले, त्यांतून वंश काही वाढला नाही. रानात, ढोलीच्या झाडावर, गावच्या पोरांच्या नजरेखाली ती वाढते आहे.

शनिवार, २१ जून

विद्यार्थिनीनं विचारलं, रानम्हैस, धान, मैना झालं; जगात फक्त आपल्याकडंच आहे असं काही? आहे. कोटुमसरच्या गुहेतला आंधळा मासा.

जगदलपूरजवळ कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानात चुनखडीची ही गुहा आहे. १९५१ मध्ये डॉ. शंकर तिवारी यांनी तिचा अभ्यास करून ती जगापुढं आणली. आतल्या काळोख्या डबक्यांत बोटभर मासा राहतो. डोळे आक्रसलेले, रंग गेलेला. शास्त्रीय नाव इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी. हीच जात उजेडात राहते ती सह्याद्रीतल्या ओढ्यांत. फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं ते पुण्याच्या माशांवरून. पुण्याच्या ओढ्यातल्या माशाचे भाऊबंद केव्हातरी बस्तरच्या पोटात शिरले आणि अंधारात वेगळे झाले. रायपूरच्या रविशंकर विद्यापीठातले अतनु कुमार पती आणि गुहांचे अभ्यासक जयंत बिस्वास यांनी या माशाच्या दिनचर्येवर काम केलं. जिथं दिवस नाही, रात्र नाही, तिथंही हा मासा पाण्यावर येऊन हवा घेण्याचा काहीएक ताल सांभाळतो का, हा त्यांचा प्रश्न होता. जैविक घड्याळ म्हणजे काय, हे मी मुलांना याच माशावरून शिकवत असे.

सह्याद्रीत ही जात आहे म्हणून कोटुमसरच्या माशाची चिंता नको, असं कुणी म्हटलं तर ते चूक ठरेल. गुहेतला वंश एकाच जागी आहे. पर्यटकांचे दिवे, धूर, उच्छ्वास, कोपऱ्यात टाकलेलं खाणं यांनी गुहेची हवा आणि पाणी बदलतं. पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं आणि ती बंद ठेवतात. तेवढाच या माशाला विसावा. यंदा कांगेर खोऱ्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आलं. गर्दी वाढणारच. आत किती माणसं सोडायची, याचा आकडा गर्दी वाढण्यापूर्वी ठरला पाहिजे.

रविवार, २२ जून

विद्यार्थिनी परतीच्या वाटेवर आहे. आठवडाभर जे लिहिलं त्याचा ताळा आज करते.

भारतातले शेवटचे चित्ते १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी मारले. तो कोरिया आज छत्तीसगडचा जिल्हा आहे. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नामिबियाहून आठ चित्ते विमानानं कुनोला आणावे लागले. त्याच कोरियाच्या भागातलं गुरु घासीदास-तमोर पिंगला हे जंगल नोव्हेंबर २०२४ मध्ये देशातलं छप्पन्नावं व्याघ्र राखीव क्षेत्र झालं, क्षेत्रफळ २,८२९ चौरस किलोमीटर. फार चांगलं झालं. चित्ता होता तेव्हा असं काही झालं असतं, तर विमान लागलं नसतं.

आणि आज आपल्यापाशी मुबलक काय आहे? साल. छत्तीसगडचा राज्यवृक्ष. सरगुजा-कोरबाकडं हसदेवचं अरण्य सालाचंच, हत्तींच्या वाटेवरचं, आणि त्याच्या पोटात कोळसा. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०२१ च्या अहवालात सांगितलं, की आधीच सुरू असलेल्या खाणीचा भाग वगळता इथं नवी खाण नको. २६ जुलै २०२२ रोजी छत्तीसगड विधानसभेनं तिथल्या खाणी रद्द कराव्यात असा ठराव एकमतानं केला. तरीही झाडं पडत राहिली. शास्त्र बोललं, सभागृह बोललं, तिथले गोंड गावकरी तीनशे किलोमीटर पायी चालत रायपूरला येऊन बोलले. साल अजून भरपूर आहे, म्हणूनच त्याचं कुणाला काही वाटत नाही. रानम्हशीचंही एके काळी असंच होतं.

माझं म्हणणं थोडक्यात हे. कुठलाही जीव वाचवायची खरी वेळ तो रोज दिसत असतानाची. एकच मादी उरल्यावर शास्त्राकडं महागडे आणि शंकास्पद उपायच राहतात. तो भरपूर असताना मात्र एक वही, एक जाणकार शेतकरी आणि प्रामाणिक मोजणी पुरते. संवर्धन जीवशास्त्रज्ञांची अशी एक आंतरराष्ट्रीय परिषद रायपुरात भरायला हवी, आणि तिच्या व्यासपीठावर उदंतीचे राखणदार, कांगेरचे मैना मित्र, दुबराज पिकवणाऱ्या नगरीच्या बाया आणि हसदेवचे गावकरी बसायला हवेत. राज्य सरकारनं, इथल्या दोन्ही विद्यापीठांनी आणि आमच्या महाराष्ट्र मंडळानंही यासाठी पुढाकार घ्यावा.

आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. तुमच्या तारेवर आज नीळकंठ बसलेला दिसला, तर तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या जूनमध्ये पुन्हा लिहा. आकडा उतरताना दिसला तर गप्प राहू नका.